जुन्या येझदीचं इंजिन घरी बांधता येतं का? येतं, पण कुठे थांबायचं ते माहीत हवं

तीन वर्षांपूर्वी माझ्या मामाने सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात उभी असलेली त्याची येझदी बाहेर काढली. गाडी जवळजवळ दहा वर्षं ताडपत्रीखाली होती. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग लावला आणि चौथ्या-पाचव्या किकला गाडी सुरू झाली. वाड्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दुसऱ्या रविवारी मामा सिंहगडाच्या दिशेने निघाला आणि खडकवासल्याच्या अलीकडे इंजिन एकदम जाम झालं. मागचं चाक घासत गेलं, मामाने क्लच दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली. संध्याकाळी दोघेही टेम्पोतून घरी आले.

इंजिन उघडल्यावर कळलं की पिस्टन बोअरला चिकटून सोलला गेलाय. कारण होतं एक रबरी सील. दहा वर्षांत ते कडक होऊन तडकलं होतं. म्हणजे गाडी सुरू झाली तेव्हाही इंजिन आजारीच होतं, आणि ते बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता.

जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायचं वेड पुण्यात सध्या बरंच आहे. यूट्यूबवर बघून घरच्या पार्किंगमध्ये इंजिन उघडणारेही खूप आहेत. त्यात चूक काही नाही. पण या कामातला कोणता भाग घरी होतो, कोणता कधीच होत नाही आणि कोणती चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

येझदी म्हणजे नक्की कोणती गाडी?

जावा हे नाव मूळचं चेकोस्लोव्हाकियातलं. फ्रान्टिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात जावा हे नाव जाऊन येझदी आलं. इराणमधल्या यझ्द शहरावरून ते घेतलेलं आहे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

इंजिन २५० सीसीच्या वर्गातलं, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडर एक असूनही सायलेन्सर दोन, आणि किक व गिअरला मिळून एकच दांडा. गिअर टाकताना तोच दांडा क्लचही थोडा उचलतो. पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे सगळं गमतीचं वाटतं, पहिल्यांदा उघडणाऱ्याला मात्र वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये येझदी नावाने ज्या नव्या गाड्या आल्या, त्या ३३४ सीसीच्या, फोर-स्ट्रोक आणि लिक्विड कूल्ड आहेत. त्यांच्या इंजिनातला एकही भाग जुन्या गाडीला लागत नाही. नाव सारखं म्हणून शोरूमला फोन करण्यात अर्थ नाही.

जुन्या गाडीसाठी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि बाहेरून मागवलेले नव्याने बनवलेले पार्ट, एवढ्यावरच भिस्त असते. पुण्याचा फायदा वेगळाच आहे. आकुर्डीची बजाज, लुना बनवणारी कायनेटिक आणि त्यांना पार्ट पुरवणारे शेकडो छोटे कारखाने यांच्यामुळे इथे चांगला लेथवाला, बोअर करणारा, बेअरिंगवाला शोधावा लागत नाही. भोसरी एमआयडीसीत चक्कर मारली की काम होतं.

उभी राहून गाडी का बिघडते?

सगळा घोळ इथून सुरू होतो, म्हणून हे जरा नीट बघू.

फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइल भरलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हवेबरोबर आधी क्रँककेसमध्ये येतं, जाता जाता क्रँकच्या बेअरिंगना आणि कनेक्टिंग रॉडला वंगण देतं आणि मग पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. गाडी चालू आहे तोवर वंगण आहे. गाडी बंद करून वर्षानुवर्षं ठेवली की बेअरिंगवर उरतो तो ऑइलचा पातळ थर. पुण्याच्या चार-पाच पावसाळ्यांत दमट हवा त्यालाही पुरून उरते. स्टीलच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. अशी बेअरिंग फिरतात, पण आवाज करतात आणि पुढे कधीतरी त्यांचा पिंजरा तुटतो. त्याचे तुकडे पोर्टमधून थेट पिस्टनपर्यंत पोचतात.

दुसरा मुद्दा सीलचा. क्रँककेस इथे नुसती पेटी नाही, ती पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की तिथे पोकळी होऊन मिश्रण ओढलं जातं, खाली आला की ते दाबून वर ढकललं जातं. त्यासाठी पेटी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात ते त्यासाठीच. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. सायलेन्सरमधून पांढरट धूर निघतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल गळती न दिसता कमी होत जातं. हा प्रकार निदान डोळ्यांना दिसतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर फालतू हवा आत येते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि अडकतो. मामाचं हेच झालं होतं. याची एक खूण असते: ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही. मामाला वाटलं होतं, केबल अडकतेय.

त्यामुळे बरीच वर्षं उभी असलेली गाडी मिळाली, तर आधी किक मारू नका. प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. रिंगा गंजाने धरल्या असतील तर किकच्या जोराने बोअरवर ओरखडे येतात. हाताने फिरवताना ते टळतं.

घरी काय काय होतं?

इंजिन फ्रेममधून उतरवणं, हेड आणि सिलिंडर काढणं, क्लच आणि मॅग्नेट उतरवणं, धुणं, मोजणं आणि शेवटी सगळं परत बांधणं, एवढं घरी होतं. चांगले पान्हे, इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर, क्लच आणि मॅग्नेटचे योग्य पुलर आणि फीलर गेज हवं. पुलर नसेल तर काम थांबवा. छिन्नी-हातोड्याने मॅग्नेट काढलेल्या गाड्या नाना पेठेतल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा, तो चेहरा पाहण्यासारखा असतो. काही नटांचे आटे उलटे असतात, म्हणून मॅन्युअल न बघता जोर लावू नका.

श्रीखंडाचे रिकामे डबे जमवून ठेवा, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा. कव्हरचे स्क्रू लहान-मोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी खोचून ठेवला की लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन केस फोडत नाही. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. पार्ट धुतलेलं डिझेल आणि काळं ऑइल ड्रेनेजमध्ये ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर चेअरमनशी आधी बोला. या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारा टप्पा कधी कधी हाच असतो.

बोअरचा शेवटचा साइज

मेकॅनिकच्या भाषेत हेड, सिलिंडर, पिस्टन, रिंगा एवढंच काम म्हणजे 'हाफ इंजिन'. क्रँकपर्यंत सगळं उघडलं तर 'फुल इंजिन'.

सिलिंडर काढल्यावर आधी मोजायचं असतं. बोअर वर, मध्ये आणि खाली, शिवाय समोरून आणि आडवा, असा सहा ठिकाणी मोजतात. झिजलेला बोअर गोल राहत नाही, तो अंडाकृती होतो. झीज जास्त असेल तर बोअर थोडा मोठा करून घेतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन टाकतात. हे पिस्टन सहसा पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. म्हणजे एका सिलिंडरला मोजकीच आयुष्यं असतात. आधीच्या मालकाने किती वापरली, ते जुन्या पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळतं. मामाच्या पिस्टनवर शंभर होतं. म्हणजे शेवटची पायरी संपलेली. मग सिलिंडरला नवी स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ ६५ मिलिमीटरवर आणावं लागलं.

म्हणूनच 'उघडलंच आहे तर बोअर करून टाकू' हा सल्ला ऐकू नका. माप ठीक असेल आणि ओरखडे नसतील तर नव्या रिंगा टाकून हलकं होनिंग पुरतं. उगाच केलेला बोअर म्हणजे एक आयुष्य फुकट घालवणं.

बोअर करायचाच असेल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरबरोबर तोही दुकानात द्या. पिस्टन मोजून त्याला बोअर केला जातो. बोअर आणि पिस्टनमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, आणि प्रत्येक कंपनीचा पिस्टन किंचित वेगळा असतो. काम झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. कडा धारदार राहिल्या असतील तर रिंग त्यात अडकून तुटते, त्यामुळे त्या हलक्या घासून गोल करून घ्यायच्या. रिंग एकटी बोअरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची, या मापाच्या बोअरला ती साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची फट तिथेच बसली पाहिजे. गजनपिनच्या दोन्ही सर्क्लिप नव्याच टाकायच्या. दहा-वीस रुपये वाचवायला गेलेली सर्क्लिप निसटते आणि नवा बोअर उभा चिरते.

क्रँककेस: इथे चूक परवडत नाही

सिलिंडरला स्लीव्ह बसते, क्रँकला नवा रॉड मिळतो. क्रँककेसचं तसं नाही, कारण इंजिन नंबर तिच्यावर कोरलेला असतो. आरसी बुकात तोच नंबर आहे. कागदोपत्री तुमची गाडी ओळखायला चॅसीस नंबर आणि हा नंबर, एवढ्या दोनच खुणा आहेत.

क्रँककेसचे दोन भाग असतात आणि ते बरेचदा एकमेकांना घट्ट धरलेले असतात. मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. तिथे ॲल्युमिनियमला एक खरचटा जरी पडला तरी ती फट पुन्हा हवाबंद होत नाही. बरोबर पद्धत उष्णतेची आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. केस सगळीकडून सारखी गरम केली की बेअरिंगची पकड आपोआप सैल होते आणि लाकडी किंवा रबरी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी भाग सुटतात. बसवतानाही हेच तंत्र: बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, केस गरम. बेअरिंग अलगद जागेवर जातं. (फ्रीजरमध्ये ठेवताना पिशवीत घाला. घरात कोणाला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.) बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच आणि मूळ सी-थ्री असेल तर सी-थ्रीच मागा. त्यात गोळ्यांना जरा जास्त मोकळीक असते, तापणाऱ्या क्रँकला ती लागते.

केस तडकलेली निघाली तर? जुन्या बाजारात किंवा भंगारात दुसरी मिळू शकते, पण तिच्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर असतो. ती गाडी कोणाची होती, तिचं काय झालं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल आरटीओला बाजूला ठेवून करता येत नाहीत. आणि जुना नंबर घासून नवा ठोकून घेणं हा तर सरळ गुन्हा. शिवाय केसचे दोन भाग कारखान्यात जोडीने तयार केलेले असतात. एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा भाग जोडला तर क्रँक सरळ रेषेत बसेलच असं नाही. त्यामुळे तडा असेल तर ॲल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या चांगल्या माणसाकडे जा, गेलेले आटे हेलिकॉइलने दुरुस्त करून घ्या. नंबर असलेला भाग शक्य तोवर सोडू नका.

क्रँक घरी नाही म्हणजे नाही

रॉड हातात धरून वर-खाली हलवून बघा. उभ्या दिशेत जराही खेळ नको. डावी-उजवीकडे थोडा चालतो. खेळ असेल तर क्रँक खोलावी लागते आणि इथे घरचं काम संपतं. क्रँक दोन चकत्या आणि एका पिनची, दाबून बसवलेली असते. ती हायड्रॉलिक प्रेसवर उघडतात, नवा रॉड-पिन-बेअरिंगचा संच घालून परत दाबतात आणि मग दोन टोकांवर टांगून डायल गेजने सरळ करतात. ०.०२-०.०३ मिलिमीटरच्या आतलं काम आहे. वाकडी राहिली तर गाडी चालते, पण हँडलला मुंग्या येतात आणि नवी बेअरिंग वर्षभरात वाजायला लागतात. डायल गेज न दाखवता 'झालं काम' म्हणणाऱ्याकडून क्रँक घेऊ नका.

बीपीचं मशीन आणि पार्किंगमधली परीक्षा

इंजिन बांधून झालं, आता पेटी खरंच हवाबंद आहे का? सुरू करण्याआधी हे तपासायचा एक घरगुती उपाय आहे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पट्ट्या लावून दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचं तोंड बंद करायचं. प्लगच्या भोकात जुन्या प्लगपासून बनवलेली नळी बसवायची आणि तिला हाताने दाबायचं जुनं बीपीचं मशीन जोडायचं. फुगा दाबून काटा ३०० वर न्यायचा. चार-पाच मिनिटं काटा जवळपास तिथेच राहिला तर इंजिन बंदिस्त आहे. भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. क्लच आणि मॅग्नेटची कव्हर लावण्याआधी हे केलं तर सीलही दिसतात. मामाच्या इंजिनाने पहिल्या वेळी ही परीक्षा दिली नाही. सिलिंडरखालचं पॅकिंग दुमडलं होतं. रस्त्यावर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलं.

मग इग्निशन. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर. टाइमिंग पिस्टन सर्वांत वर पोचायच्या किती मिलिमीटर आधी ठिणगी पडते त्यावर लावतात, तो आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. चुकून जास्त आधी लावली तर किक उलटी बसते आणि पिस्टनही भाजतो.

पेट्रोलबद्दल थोडं सावध राहायला हवं. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुने रबर व कॉर्कचे वॉशर त्यापुढे टिकत नाहीत. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर नवे, इथेनॉल चालणारे घ्या. गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. ऑइलचं प्रमाण साधारण २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी. पंपावर अंदाजाने ओतू नका, घरून मोजून बाटली न्या.

कागद

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण चॅसीस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी यात बसत नाही. म्हणजे साठच्या दशकातल्या जावाला दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर, पोर्ट मोठे केलेला सिलिंडर वगैरे प्रयोग करायच्या आधी विचार करा. आणि हो, अशी नोंदणी घेतली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच चालवता येते. त्याहून तरुण येझदीला नेहमीचाच नियम: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. इंजिन बांधायला घेण्याआधी आरसीची मुदत बघा.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटांत बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा केल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा. नंतर निदान पाचशे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, डबलसीट नाही, एकाच वेगाने लांब पळवणं नाही. मधूनमधून प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. पांढरा पडला असेल तर कुठून तरी हवा घुसतेय, तिथेच थांबा.

उतारावर विशेष सांभाळायचं. फोर-स्ट्रोकची सवय असलेला माणूस उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये गाडी उतरवतो. टू-स्ट्रोकमध्ये ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोलबरोबर ऑइलही जवळपास बंद. इंजिन मात्र जोरात फिरत असतं. कात्रजचा जुना बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरताना मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटरचा एक झटका द्यायचा, म्हणजे आत ऑइल पोचतं. मामा हल्ली तिथे दर दोन वळणांनी हे करतो. मागे बसलेल्याला वाटतं तो उगाच आवाज काढतोय.